हत्यार जमा केलं का?

उमेदवार दारात आला की आमचे घरमालक त्याला आधी पाण्याचा पेला द्यायचे. तो पाणी पिईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. रिकामा पेला हातात आला की विचारायचे, "हत्यार जमा केलं का?"

एवढाच प्रश्न. रस्त्याबद्दल नाही, नळाबद्दल नाही, कचऱ्याच्या गाडीबद्दल नाही. उमेदवाराच्या मागची उपरणी घातलेली पोरं फिदीफिदी हसायची. गल्लीतले लोकही हसायचे. सुरुवातीला मीही हसले, हे आधीच कबूल करून टाकते.

खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची बंदूक, पिस्तूल, जे काही असेल ते पोलिसांकडे जमा करायचं असतं. निकाल लागला की परत मिळतं. ज्याला खरोखरच गरज आहे, जिवाला धोका आहे, त्याने अर्ज केला तर सवलत मिळू शकते. आता एरवी पाच वर्षं बुलेटवर बसून बिनधास्त हिंडणाऱ्या आमच्या पुढाऱ्यांच्या जिवाला नेमका प्रचाराच्या महिन्यातच धोका कसा निर्माण होतो, हे मला आजवर कोणी समजावून सांगितलेलं नाही. दोन्ही हात जोडून "मी तुमचा सेवक" म्हणायचं आणि झब्ब्याखाली कमरेला लोखंड बांधायचं. ही सेवा करताना लागतं तरी कशाला ते? काका नेमकं हेच विचारत होते, फक्त माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

गल्लीत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तेहतीस वर्षं ते तपासणीच्या कामावर होते. गोळीचं पितळी कवच असतं ना, पुंगळी, ती हातात घ्यायची, फिरवून बघायची, मापायची आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोरिवलीत कारखान्यांच्या पाठीमागे दुमजली घर बांधलं. वर ते एकटे, आणि खाली भाड्याने मी आणि माझी आई.

नोकरी सुटली तरी तपासणी काही सुटली नाही. दुधाची पिशवी ते कानाशी हलवून बघत. बालवाडीच्या झोपाळ्याचे नटबोल्ट महिन्यातून एकदा पान्याने तपासत, बालवाडीने सांगितलेलं नसताना. रिक्षात बसण्याआधी चारी बाजूंनी फिरून टायर पाहायचे, आणि एखादा गुळगुळीत दिसला की "लॉट रिजेक्ट" म्हणून चालायला लागायचे. रिक्षावाला मागून शिव्या देई. काकू होत्या तेव्हा त्यांच्या भाकरीची जाडीही मोजली जायची, असं आई सांगते. काकूंनी एकदा परात त्यांच्यापुढे सरकवून "घ्या, तुम्हीच थापा आणि तुम्हीच पास करा" म्हटल्यावर तेवढी तपासणी बंद झाली.

उमेदवारांचा निकाल ते दाराच्या चौकटीवर खडूने लिहायचे. पास असेल तर बरोबरची खूण, नापास असेल तर फुली. मी राहायला आले तेव्हा ती चौकट फुल्यांनी भरलेली होती. एक उमेदवार म्हणाला, "काका, आपण तर शांततावादी माणूस," आणि त्याच क्षणी त्याच्या अंगरक्षकाची रायफल दारावर आपटली. एक बाई म्हणाल्या, "ते सगळं मिस्टर बघतात." काका म्हणाले, "मग उभे पण मिस्टरच आहेत ना? फोटो तुमचा कशाला काढला?" एकाने सांगितलं, "जमा करायला माणूस पाठवलाय." तीन दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हाही माणूस पाठवलेलाच होता. काकांनी शांतपणे विचारलं, "पायी पाठवलाय का?"

मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, तुमचा बंदुकीवर एवढा राग का? जन्मभर तुम्ही कामच त्याचं केलंत."

"माझं बंदुकीशी भांडण नाही, पोरी," ते म्हणाले. "तिच्यावर तर हे घर उभं राहिलं. माझं भांडण रांगेशी आहे."

ती रांग त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिली होती. मेहुण्याच्या कामासाठी ते बदलापूरकडच्या एका पोलिस ठाण्यात गेले होते. निवडणुकीचे दिवस होते. बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या माणसांकडे पीक राखायला ठासणीच्या जुन्या बंदुका असतात, रीतसर परवान्याच्या. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, म्हणून. ती माणसं गोणपाटात गुंडाळलेल्या बंदुका घेऊन सकाळपासून उन्हात उभी होती. भात शेतात उभं, घरी राखायला बायकापोरं. तेवढ्यात एक मोठी गाडी आली, तिच्यातून एक पुढारी उतरला, कमरेचं पिस्तूल सारखं करत रांगेच्या बाजूने आत गेला, चहा पिऊन पिस्तुलासकट बाहेर आला आणि निघून गेला. त्याला सवलत होती. रांगेतला शेवटचा माणूस काळू. काकांनी त्याला स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घातला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी संबंध धरून ठेवला. काळूची बायको बुधी मोरिवलीच्या नाक्यावर रानभाज्या आणि काकड्या विकायला बसायची. काका भाजी घ्यायचे ते तिच्याकडूनच. आणि प्रत्येक निवडणुकीत काळूसाठी सवलतीचा अर्ज काकाच लिहायचे. मागच्या खेपेला तर त्यांनी खेटे घालून घालून ती मिळवलीही होती. काळूची बंदूक घरी राहिली आणि त्या वर्षी भातही घरी आलं.

"ज्याला चार आठवडे हत्याराशिवाय आपल्याच वॉर्डात फिरता येत नाही, तो त्याला आपला वॉर्ड कशाला म्हणतो?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीत चाळीसेक घरं, बहुतेक निवृत्त कामगारांची. हसत असले तरी मत देताना काकांच्या चौकटीकडे नजर टाकून जायचे. काकांनी स्वतःहून कोणाला कधी सांगितलं नाही. ती चौकटच बोलायची.

मग ही निवडणूक आली. नगरपालिकेची, कित्येक वर्षं रखडलेली. रखडली होती तोवर कोणाला गल्लीची आठवण नव्हती. आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी मात्र एक ट्रक आला आणि गल्लीच्या तोंडाशी गटाराचे सिमेंटचे पाइप टाकून गेला. ते कोणाच्या शब्दावर आले हे सगळ्यांना माहीत होतं.

ज्याचा शब्द होता तो तरणा उमेदवार दोन दिवसांनी काकांच्या दारात आला. फॅक्टरीत काकांच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या जुन्या सोबत्याचा मुलगा. "जयभीम, काका," म्हणत वाकून पाया पडला. पाणी प्यायला. काकांनी पेला घेऊन प्रश्न विचारला, आणि त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात ठेवला. जमा पावती. एक रिव्हॉल्व्हर, नंबर, शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे.

मी दारातच उभी होते. काकांनी चष्मा पुसला. पावती दोनदा वाचली, उजेडाकडे धरून शिक्का पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझ्या बापाने तुला नीट वाढवला रे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चौकटीवर बरोबरची खूण उमटली. इतकंच करून थांबतील तर काका कसले! संध्याकाळी ते चाळीसही घरी जाऊन आले. "कागद मी स्वतः बघितला," प्रत्येक घरी सांगितलं.

त्याच आठवड्यात काळू अर्ज लिहून घ्यायला आला. ओसरीवर उकिडवा बसला.

"दादा, अर्ज लिवून देता ना? भात अर्धा कापलाय, अर्धा उभाच हाय. डुकरां रोज येतात."

"यंदा अर्ज नको," काका म्हणाले.

काळूला वाटलं चेष्टा चाललीय. "बंदूक दिली त मी काय टाळ्या वाजवू?"

"काळू, ऐक. इतकी वर्षं मी अर्ज लिहिले, कारण रांग वाकडी होती. यंदा उमेदवाराने स्वतः जमा केलंय. कागद बघितला मी. आता नियम सगळ्यांना सारखा लागला असेल तर आपण सवलत मागायची नाही. उद्या तो म्हणायला नको की तुमचाच माणूस रांगेबाहेर."

काळू ओसरीवरून उठला. मग म्हणाला, "तुमी सांगता त देतो. सोमवारी जातो."

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं. डुकराला काय, सगळ्यांना सारखा नियम लागलाय हे कळणार होतं? पण काकांचा चेहरा इतका उजळला होता की मी तोंड उघडलं नाही. ती माझी पहिली चूक. दुसरी चूक शनिवारी झाली आणि ती चूक नव्हती, चूक म्हणून मी तिला उगाच सभ्य करतेय.

मी उल्हासनगरला एका शिवणकामाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. एरवी जीन्स, निवडणुकीत उपरणी, टोप्या आणि जॅकेटं. शनिवारी दुपारी हाच उमेदवार जॅकेटचं माप द्यायला आला. आमचे सिंधी शेठ "अरे साईं, आओ, बैठो" करत पुढे धावले. मास्टरने कमरेला टेप लावला आणि थांबला.

"भाऊ, ये सामान निकालो. नाप गलत आएगा."

त्याने झब्बा वर केला, कमरेचं काढलं आणि माझ्यासमोर कापायच्या टेबलावर, कात्रीशेजारी ठेवलं. काळं, चपटं. रिव्हॉल्व्हर गोल पोटाचं असतं, पिस्तूल चपटं, हे काकांनीच मला ओसरीवर बसून शिकवलं होतं. "रिव्हॉल्व्हर रिकामी पुंगळी पोटात ठेवतं, पिस्तूल थुंकतं," असं ते सांगायचे. पावती रिव्हॉल्व्हरची होती. माझ्यासमोर होतं ते पिस्तूल. जमा केलं होतं एक, ठेवलं होतं दुसरं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं.

"ताई, तुम्ही काकांच्या खाली राहता ना? तुमच्याच खोलीत पाणी शिरतं ना दर पावसाळ्यात?"

"हो," मी म्हटलं.

"पाइप बघितलेत ना आलेले? निकाल लागू द्या, पहिला खड्डा तुमच्या दारात."

धमकी नाही, आवाज चढवणं नाही. हसून बोलला. मला त्याचाच जास्त संताप येतो. त्याला ठाऊक होतं की एवढ्यावर मी गप्प बसेन, आणि मी बसले. चार पावसाळे आईचा पलंग विटांवर चढवून काढले होते. गटाराचं काळं पाणी चुलीपर्यंत यायचं, आई पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसायची. त्या पाइपांकडे मी रोज जाता-येता बघत होते. संध्याकाळी घरी आले तेव्हा काका ओसरीवर बसले होते. "आज काय विशेष?" त्यांनी विचारलं. "काही नाही, उपरणी," मी म्हटलं आणि आत गेले. रविवारी पूर्ण दिवस ते वर होते आणि मी खाली. चौदा पायऱ्या होत्या मध्ये. मी चढले नाही.

सोमवारी काळू बंदूक देऊन आला.

त्यानंतर आठवड्याभरात बुधी नाक्यावर दिसेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी आली ती रिकाम्या हाताने, थेट काकांकडे. काळू शेताच्या कडेला पत्र्याचा डबा वाजवत राखणीला बसला होता. डुक्कर डब्याला भ्यालं नाही. मांडी फाडून गेलं. सरकारी दवाखान्यात टाके घातले, जीव वाचला, पण पाय पूर्वीसारखा होणार नाही असं डॉक्टर म्हणाले. उभं होतं तेवढं भातही गेलं.

काका त्याला भेटून आले. मी दारातच विचारलं, "काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला. 'तुमी सांगितला म्हून दिली, दादा,' एवढंच." काका पायरीवर बसले. मग स्वतःलाच समजावल्यासारखं बोलले, "पण नियम सगळ्यांना सारखा होता, पोरी. तेवढं तरी होतं."

मी तिथे उभी होते. तेव्हाही मतदानाला आठ दिवस होते. तेव्हाही मी बोलले नाही, आणि आता तर पाइपांचंही कारण नव्हतं. आता भीती होती ती 'आधी का नाही बोललीस' या प्रश्नाची.

तो निवडून आला. आमच्या गल्लीने त्याला एकगठ्ठा मतं दिली. मिरवणूक निघाली, डीजे, गुलाल, फटाक्यांच्या माळा. काकांच्या घरासमोर जीप थांबली. त्याला जीपवरून काकांकडे बघून हात करायचा होता. केला. मग त्याच हाताने कमरेचं काढलं आणि आकाशात दोनदा झाडलं.

सगळ्यांनी पाहिलं. गल्लीतली यच्चयावत माणसं दारात, गच्चीत, खिडकीत होती. जीप पुढे गेल्यावर काकांनी खाली उतरून शेजाऱ्यांना विचारलं, "गोळ्या झाडल्या ना?"

"छे हो काका, फटाके."

"फटाकेच होते, काका. आजकाल हातात धरून उडवायचे पण मिळतात."

हीच माणसं सकाळी पाइपांवर बसून पेढे खात होती. निम्म्यांनी जन्मभर फॅक्टरीत दारूगोळ्याची कामं केलेली, आणि ऐकू काय आलं तर फटाके! संतापाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती, आणि मीही त्यांच्यातच उभी होते.

काका वाद घालत बसले नाहीत. त्या वयात, त्या गुडघ्यांनी ते रस्त्यावर खाली बसले आणि फटाक्यांच्या लाल कागदांचा ढीग हाताने चाळायला लागले. लोक बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी एक पुंगळी उचलली. लहानशी, पिवळी. चष्मा वर करून फिरवून बघितली. त्यांना आणखी कोणाला विचारायची गरज नव्हती. रिव्हॉल्व्हर रस्त्यावर पुंगळी टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून ते पुन्हा चाळीस घरांच्या फेरीला निघाले. या वेळी माफी मागायला. प्रत्येक दारात हात जोडून तेच सांगत होते, "कागद मी बघितला, पण परवान्याचं पुस्तक मागितलं नाही. किती नग आहेत ते मोजलं नाही. बापाला ओळखत होतो म्हणून पेटी न उघडताच लॉट पास केला. चूक माझी आहे." लोक ओशाळून "अहो काका, असू द्या" म्हणत होते आणि दार लोटून घेत होते. एकानेही म्हटलं नाही की आम्हीही गोळी पाहिली. ज्याने गोळ्या झाडल्या तो हारतुऱ्यांत बसला होता, आणि वॉर्डात माफी मागत हिंडत होता तो हा एकटा म्हातारा. आजही ते आठवलं की मला जेवण गोड लागत नाही.

माझं दार शेवटून दुसरं. ते आत आले, बसले. नेहमीचं सगळं बोलून झालं. मग पुंगळी तळहातावर ठेवून म्हणाले, "एक कळत नाही. महिनाभर दोन हत्यारांतलं एक कमरेला लावून हा माणूस फिरत होता, आणि कोणालाच दिसलं कसं नाही?"

आई आतून माझ्याकडे बघत होती. तिला मी सांगितलेलं होतं.

"मला दिसलं होतं, काका," मी म्हटलं. "कारखान्यात. माप द्यायला आला होता तेव्हा."

ते रागावले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, खोली खाली कर म्हणतील. त्यांनी पुंगळी खिशात टाकली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "कधी? काळू बंदूक द्यायला गेला त्याच्या आधी, की नंतर?"

"नंतर," मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल झाले.

"मग तुझ्याकडे काही दोष नाही, पोरी," ते म्हणाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले, चपला पायात घातल्या, आणि शेजारच्या दारात माफी मागायला गेले.